संकल्प, नेम आणि रीतिभविष्यकाळ

मागील घटकात आपण काळांचे उपप्रकार पाहिले. त्यांतील रीतिभविष्यकाळ तुमच्यापैकी बहुतेकांनी परीक्षेपुरता पाठ केला असेल. प्रस्तुत उपघटकात नववर्षाच्या संकल्पाच्या निमित्ताने त्याचा पुन्हा विचार करावयाचा आहे.

पाडव्याला किंवा १ जानेवारीला आपण वहीत जे लिहितो, त्याचे व्याकरण पाहा : 'यंदा पदवी घेईन', 'रोज पहाटे उठेन'. हा साधा भविष्यकाळ होय. धार्मिक विधीतील संकल्पाचे 'करिष्ये' हे क्रियापदही भविष्यकाळीच आहे. मात्र तेथे त्याआधी संवत्सर, अयन, ऋतू, मास, पक्ष, तिथी यांचा उच्चार होतो. बोलणारा केव्हा आणि कोठे उभा आहे, हे अगोदर सांगितले जाते. आपल्या वहीतील वाक्यात कर्ता तेवढा असतो, आणि तोही बहुधा फेब्रुवारीपर्यंत. (प्रस्तुत लेखकाच्या जुन्या दैनंदिन्या याला साक्ष आहेत.)

'रोज वाचेन' हे वाक्य एक दिवस चुकला की खोटे ठरते, आणि खोटे ठरलेले वाक्य आपण सोडून देतो. 'वाचत जाईन' हे रीतिभविष्य तसे नाही. त्यात क्रियेची मोजणी नसून वळण आहे. एखादा दिवस चुकला तरी वाक्य उभे राहते. येथील 'जा' हा गमनवाचक नव्हे. कोकणातून मुंबईस निघालेल्या मुलाला आई 'पत्र लिहीत जा' असे सांगे, तोच हा 'जा'.

या काळात कोणते क्रियापद घालावे, हा प्रश्न मूल्यांचा आहे. 'मूल्य' हा शब्द मुळात किमतीचा. त्याचेच तद्भव रूप 'मोल'. आचरणासाठी बोलीत 'नेम' हा शब्द अधिक रुळलेला आहे. तो 'नियम'पासून आला आणि 'नेमाने' या क्रियाविशेषणात पक्का बसला.

रत्नागिरीत बसून हे लिहिताना याच जिल्ह्यातील धोंडो केशव कर्वे यांचे उदाहरण आठवते. जन्म शेरवलीचा, १८५८ चा, बालपण मुरूडचे. परीक्षेसाठी ते मुरूडहून साताऱ्यापर्यंत पायी गेले आणि वय कमी दिसते म्हणून त्यांना परीक्षेस बसू दिले गेले नाही. १८९३ मध्ये त्यांनी विधवेशी विवाह केला. मुरूडकरांनी बहिष्कार घातला. ही सारी वाक्ये साध्या भूतकाळातील आहेत. परंतु १९०० मध्ये अनाथ बालिकाश्रम पुण्याबाहेर हिंगण्यास हलला, त्यानंतरचा भाग चरित्रकाराला वेगळ्या काळात लिहावा लागतो : कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत आणि काम आटोपले की हिंगण्यास चालत जात. 'शिकवीत', 'जात' हा रीतिभूतकाळ. माझ्या मते कर्व्यांचे मूल्य बहिष्कारापेक्षाही या दोन रूपांत अधिक दिसते.

आमच्या अभ्यासकेंद्रावरील एका विद्यार्थिनीने सलग दोन वर्षे 'यंदा परीक्षा देईन' असे लिहिले आणि दोन्ही वेळा आंब्याच्या हंगामात तिचा अभ्यास सुटला. शिकायचे कशासाठी, असे विचारता ती म्हणाली, "कागद न वाचता सही करायची नाही, एवढ्यासाठी." तिच्या वडिलांनी न वाचता केलेल्या एका सहीने घरची कलमे गेली होती. मग तिने वहीत लिहिले : 'घरात येणारा प्रत्येक कागद वाचत जाईन.' त्यात बाजारातून येणारी हिशेबपट्टी आली, तसे विद्यापीठाचे पुस्तकही आले. हंगामात खंड पडला तरी वाक्य मोडले नाही. तिसऱ्या वर्षी ती परीक्षेस बसली. एक विषय राहिला आहे.

स्वयं-अध्ययनासाठी

१. 'तू शाळेत जा' आणि 'तू रोज वाचत जा' या वाक्यांतील 'जा'चे कार्य स्पष्ट करा.

२. तुमचा गतवर्षीचा मोडलेला एक संकल्प लिहा. तो कशासाठी केला होता ते एका वाक्यात नोंदवा आणि त्या वाक्यावरून रीतिभविष्यकाळातील नवे वाक्य तयार करा. हे उत्तर समंत्रकांना दाखविण्याची आवश्यकता नाही.