अपडेटची सर्व्हिसच यादीत नाही? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी हे बघा



आखाजीच्या दोन दिवस आधीची गोष्ट. आपल्या भडगाव तालुक्यातल्या एक ताई साड्या आणि मॅचिंगचं दुकान सुरू करणार होत्या. मुहूर्त आखाजीचा. माल भरलेला, पाटी लागलेली, पत्रिका वाटून झालेल्या. बिलिंगसाठी एक जुना कॉम्प्युटर घेतला होता, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह, म्हणजे मशीन चांगलंच. तीन रात्री बसून ताईंनी सगळ्या मालाची यादी एक्सेलमध्ये भरली होती. आणि ऐन वेळी बिलिंगचं सॉफ्टवेअर चढेना.

सॉफ्टवेअर डॉटनेट फ्रेमवर्क ३.५ मागत होतं. बरीच जुनी बिलिंग सॉफ्टवेअर्स ते मागतात. ते विंडोजमध्ये चालू करायला गेलं की विंडोज त्याच्या फाइली विंडोज अपडेटमधून उतरवतं. इथे काही केल्या त्या उतरत नव्हत्या.

ताईंचा फोन आला. मी दुकानात गिऱ्हाईक करता करता सांगितलं, “सर्व्हिसेसची यादी उघडा, विंडोज अपडेट शोधा, डबल क्लिक करून स्टार्ट करा.”

“दादा, ते नावच नाहीये यादीत.”

“असेल ताई, नीट बघा. डब्ल्यू अक्षराखाली असतं.”

हे आमचं तीनदा झालं. तिसऱ्या वेळी माझा आवाजही थोडा चढला. संध्याकाळी मी स्वतः जाऊन बघितलं, तर ताईंचं बरोबर होतं. नाव खरंच नव्हतं. समोरचा माणूस जे दिसतंय ते सांगत होता आणि मी माझ्या पाठांतरावर चाललो होतो. त्यात त्यांचा अख्खा दिवस गेला.

म्हणून हा धडा. “बंद आहे” आणि “नाहीच आहे” या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कारणं वेगळी, इलाजही वेगळे.

पायरी १ : नक्की काय झालंय?

कीबोर्डवर विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा. छोटी चौकट येईल. त्यात ‘सर्व्हिसेस डॉट एम-एस-सी’ टाइप करून एंटर मारा. लांबलचक यादी उघडते. खाली डब्ल्यूपाशी जा आणि ‘विंडोज अपडेट’ शोधा. तीनपैकी एक गोष्ट दिसेल.

पहिली : नाव आहे, स्टार्टअप टाइप ‘मॅन्युअल’ आहे, पण ‘रनिंग’ लिहिलेलं नाही. घाबरू नका. ही सर्व्हिस गरज पडेल तेव्हा उठते आणि काम झालं की झोपते. दोष दुसरीकडे शोधा.

दुसरी : नाव आहे, पण ‘डिसेबल्ड’ लिहिलंय. म्हणजे कोणीतरी बंद केलीय. डबल क्लिक करा, स्टार्टअप टाइप मॅन्युअल करा, अप्लाय, मग स्टार्ट. चार दिवसांनी पुन्हा डिसेबल्ड झाली, तर अपडेट अडवणारं एखादं टूल कॉम्प्युटरमध्ये बसलंय. इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत ते शोधून काढून टाका.

तिसरी : नावच नाही. आपला आजचा विषय हाच.

खात्री करायची असेल तर स्टार्टमध्ये ‘कमांड प्रॉम्प्ट’ शोधा, राइट क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ निवडा. तिथे टाइप करा : एससी, स्पेस, क्वेरी, स्पेस आणि सर्व्हिसचं आतलं नाव. ते नाव असं, सगळी अक्षरं जोडून : डब्ल्यू, यू, ए, यू, एस, ई, आर, व्ही. उत्तरात १०६० नंबरची चूक आली, तर अशी सर्व्हिस या मशीनवर नोंदलेलीच नाही असा अर्थ.

एक सूचना. हे काळ्या कमांड प्रॉम्प्टमध्येच करा, पॉवरशेलमध्ये नको. विंडोजसोबत येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ‘एससी’चा अर्थ वेगळा आहे. तिथे हीच ओळ टाकली तर ‘क्वेरी’ नावाची एक फाइल तयार होते आणि चूक काहीच दिसत नाही. आपल्याला वाटतं सगळं ठीक आहे.

पायरी २ : कोणी काढली?

सर्व्हिस आपोआप गायब होत नाही. दुरुस्तीला हात घालण्याआधी कारण शोधा. नाहीतर आज बसवाल आणि उद्या पुन्हा जाईल.

कारण एक, व्हायरस. घरफोड्या आधी कुत्र्याचा बंदोबस्त करतो, तसं हे. २००८ च्या शेवटी पसरलेला कॉन्फिकर विंडोज अपडेट आणि सुरक्षेच्या इतर सर्व्हिस बंद करायचा. नंतरचा झिरो-अ‍ॅक्सेस तर अशा सर्व्हिसच्या नोंदीच उडवायचा. म्हणून त्याच यादीत आणखी तीन नावं बघा : बॅकग्राउंड इंटेलिजंट ट्रान्सफर सर्व्हिस, विंडोज डिफेंडर फायरवॉल आणि सिक्युरिटी सेंटर. यातलीही गायब असतील आणि कॉम्प्युटर कालपर्यंत नीट चालत होता, तर आधी इंटरनेट काढा. त्या मशीनवर बँकेचं काम करू नका. पासवर्ड दुसऱ्या, स्वच्छ मोबाइलवरून बदला. मग डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन चालवा, तो विंडोज सुरू होण्याआधी तपासतो. भारत सरकारच्या सायबर स्वच्छता केंद्राच्या वेबसाइटवरही व्हायरस काढायची टूल्स फुकट मिळतात. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

कारण दोन, कापलेलं विंडोज. आपल्याकडे हे फार. जुन्या मशीनमध्ये विंडोजची ‘लाइट’ म्हणून फिरणारी कॉपी टाकून देतात. मशीन पळतं, अपडेट त्रास देत नाही, गिऱ्हाईक खूश. पण ते हलकं झालं कारण आतलं सामान काढलंय. त्यात अपडेटची सर्व्हिस असते, पुष्कळदा डिफेंडरही असतो. त्या कॉपीत कोणी काय घातलंय, हे तर देवालाच ठाऊक.

ओळखायचं कसं? सेटिंग्ज, सिस्टिम, अ‍ॅक्टिव्हेशन असं जा. तिथे ‘तुमच्या संस्थेच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हिसने’ विंडोज चालू झालंय, अशा अर्थाचं वाक्य दिसलं तर थांबा. मोठ्या कंपनीत ते बरोबर असतं. पण साडीच्या दुकानाची कुठली आली संस्था? ताईंच्या मशीनवर हेच वाक्य होतं.

कारण तीन, आपणच. गिऱ्हाईक समोर उभं असताना कॉम्प्युटर रीस्टार्ट झाला की डोकं फिरतं. मीही एकदा अपडेट कायमचं बंद करणारं एक फुकटचं टूल चालवलं होतं. ती चूक माझीच. रीस्टार्टचा त्रास असेल तर सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅक्टिव्ह अवर्स’ आहेत, तिथे दुकानाची वेळ टाका. अपडेट काही आठवडे थांबवायचीही सोय आहे. त्यासाठी सर्व्हिस उपटायची गरज नाही.

कारण चार, लाइट जाणं किंवा खराब होत चाललेली हार्डडिस्क. अपडेट चालू असताना लाइट गेली तर नोंदी बिघडू शकतात. वारंवार असं होत असेल तर आधी डिस्क तपासून घ्या.

पायरी ३ : डेटा बाहेर काढा

इथे आळस नको. बिलिंगचा किंवा टॅलीचा डेटा फोल्डर, एक्सेलच्या याद्या, फोटो, ब्राउझरमधले पासवर्ड हे सगळं वेगळ्या ड्राइव्हवर घ्या आणि ती ड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून फाइल उघडते का ते बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप नव्हे. डिस्क एनक्रिप्ट असेल तर बिटलॉकरची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा.

पायरी ४ : दुरुस्ती, सोप्यापासून अवघडाकडे

(अ) सिस्टिम रिस्टोर. सर्व्हिस अलीकडेच गेली असेल आणि त्याआधीचा रिस्टोर पॉइंट असेल, तर आधी हा उपाय.

(आ) फाइलींची तपासणी. प्रत्येक व्हिडिओत ‘एसएफसी स्कॅननाऊ’ आणि ‘डिझम’ या कमांड सांगतात. चालवा, पण त्यांची मर्यादा समजून घ्या. सर्व्हिस म्हणजे दोन गोष्टी : डिस्कवरची फाइल आणि रजिस्ट्रीतली नोंद. एसएफसी फाइल तपासतं. फाइल जागेवर आणि नोंद गायब असेल, तर ते ‘सगळं ठीक’ म्हणून मोकळं होईल. आणि डिझम चांगल्या फाइली कुठून आणतं? न सांगता सोडलं तर विंडोज अपडेटमधूनच! मोटार जळलीय आणि दुरुस्तीचं सामान त्याच विहिरीच्या तळाशी, अशी गत. म्हणून डिझमला विंडोजच्या आयएसओ फाइलचा पत्ता द्यावा लागतो.

(इ) नोंद परत आणणं. फक्त रजिस्ट्रीतली नोंद गेली असेल, तर त्याच आवृत्तीच्या चांगल्या कॉम्प्युटरवरून ती पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट करून आणता येते. आवृत्ती बघायला दोन्हीकडे ‘विनव्हर’ टाइप करा, आकडे जुळले पाहिजेत. आधी आपल्या रजिस्ट्रीचा बॅकअप घ्या. अनोळखी वेबसाइटवरून अशी तयार फाइल उतरवून डबल क्लिक करणं म्हणजे दुकानाची किल्ली रस्त्यावरच्या माणसाला देणं. हात थरथरत असेल तर ही पायरी सोडा, पुढची जास्त सुरक्षित आहे.

(ई) रिपेअर इन्स्टॉल. बहुतेकांना मी हेच सांगतो. मायक्रोसॉफ्टच्या वेबसाइटवरून त्याच भाषेची विंडोजची आयएसओ फाइल घ्या. चालू विंडोजमध्येच ती डबल क्लिक करून उघडा आणि सेटअप चालवा. ‘फाइली आणि अ‍ॅप्स ठेवा’ हा पर्याय निवडा. विंडोज नव्याने बसतं, सर्व्हिस परत येतात, तुमचे प्रोग्रॅम आणि डेटा जागेवर राहतात. तो पर्याय निवडता येत नसेल तर आयएसओची भाषा किंवा एडिशन जुळत नाहीये. सी ड्राइव्हमध्ये भरपूर जागा मोकळी ठेवा, मशीन यूपीएसवर ठेवा आणि हे काम दुकान बंद झाल्यावर करा.

(उ) कोरी, अस्सल इन्स्टॉल. व्हायरस खोल गेलाय किंवा विंडोज कापलेलं आहे, तर डागडुजी करू नका. पाया दुसऱ्याने पोखरलेला असताना वर रंग देऊन उपयोग नाही. ताईंसाठी आम्ही हेच केलं.

आणि इथे गंमत झाली. ते ऑफिसमधून निघालेलं ब्रँडेड मशीन, मुळात विंडोज १० प्रो सोबत आलेलं. अशा मशीनच्या मदरबोर्डमध्ये विंडोजची की साठवलेली असते. अस्सल विंडोज ११ प्रो टाकलं, इंटरनेट जोडलं आणि ते आपोआप अ‍ॅक्टिव्हेट झालं. एक रुपयाही लागला नाही. म्हणजे मशीनला स्वतःचं लायसन्स होतं, आणि विकताना कोणीतरी ते बाजूला सारून कापलेली कॉपी टाकली होती!

एवढा आटापिटा कशाला?

“सर, अपडेट नसलं तरी बिल तर निघतं ना?” निघतं. पण २०१७ साल आठवा. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका मोठ्या भोकाचं अपडेट १४ मार्चला दिलं. १२ मे रोजी त्याच भोकातून वॉनाक्राय जगभर पसरला. जवळजवळ दोन महिने औषध तयार होतं, ज्यांनी घेतलं नाही ते अडकले. पुढे २७ जूनच्या नॉटपेट्या हल्ल्यात आपल्या न्हावाशेव्याच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. आपल्या जिल्ह्यातली केळी परदेशी जाताना ज्या बंदराकडे बघते, तेच हे बंदर. नॉटपेट्याकडे शिरायचे इतरही मार्ग होते, पण हे भोक त्यातला एक.

आणि तुमच्या दुकानात काय असतं? गिऱ्हाइकांचे मोबाइल नंबर, उधारीची वही, जीएसटीचं लॉगिन, बँकेचा पासवर्ड. ऑनलाइन फॉर्म भरत असाल तर लोकांची आधार कार्डंसुद्धा. गिऱ्हाईक ते विश्वासावर देतं.

विंडोज १० वाल्यांनी लक्षात घ्या, त्याचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी पुढच्या वर्षभराची जी जादा मुदत दिली, तिचे अपडेटही याच सर्व्हिसमधून येतात. सर्व्हिस नाही तर मुदतीचा उपयोग नाही.

जुना कॉम्प्युटर घेताना पाच मिनिटं

पैसे देण्याआधी, विक्रेत्यासमोरच :

१. सर्व्हिसेसची यादी उघडा, विंडोज अपडेट आहे का बघा.
२. सेटिंग्जमध्ये ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा, काम सुरू होतं का बघा.
३. अ‍ॅक्टिव्हेशनचं वाक्य वाचा.
४. विंडोज सिक्युरिटी उघडतं का बघा.
५. पक्कं बिल घ्या, त्यावर विंडोजची एडिशन लिहून घ्या.

चांगला विक्रेता रागावणार नाही. जो रागावेल, त्याच्याकडून घेऊ नका.

ताईंचं उद्घाटन आखाजीलाच झालं. पहिलं बिल मात्र बिलबुकावर हातानेच फाडलं. कॉम्प्युटर तिसऱ्या दिवशी चालू झाला, एक्सेलची यादी जशीच्या तशी आत गेली, तीन रात्रींची मेहनत वाचली. माझा एक दिवसाचा हट्ट नसता तर पहिलं बिलही छापील निघालं असतं. तेव्हापासून मी फोनवर पहिला प्रश्न बदललाय. “हे दाबा” नाही, तर “तुम्हाला काय दिसतंय?” आणि जे सांगतील ते लिहून घेतो.

आज दुकान बंद करताना तुमची यादी एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या धड्यात.