एका रात्रीचे फूल

इस्रायल देशाच्या दक्षिणेस नेगेव नावाचे वाळवंट आहे. उन्हाळ्यातील एखाद्या संध्याकाळी तेथील हरितगृहांत व जाळीच्या मांडवांत मोठी लगबग असते. दिवसभर मिटून राहिलेल्या लांबट कळ्या सूर्य मावळताच उमलू लागतात आणि रात्र पडते तो वीतभराहून लांब अशी शुभ्र फुले वेलींवर फुलून येतात. ही फुले ड्रॅगन फ्रूट या निवडुंगाची होत. त्यांचे आयुष्य अवघे एका रात्रीचे! सकाळचे ऊन चढले, की ती माना टाकतात.

तेवढ्या अवधीत परागकण स्त्रीकेसराच्या टोकास, म्हणजे कुक्षीला, पोहोचले तरच फळ धरते. यालाच परागीभवन म्हणतात. या वनस्पतीचे माहेर मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथे वटवाघळे आणि मोठे निशाचर पतंग मधाच्या ओढीने येतात व अंगास चिकटलेले पराग नकळत या फुलातून त्या फुलात नेतात.

१९८० नंतरच्या दशकात संशोधकांनी ही वेल नेगेवात लावली. प्रखर उन्हापासून तिचे रक्षण व्हावे म्हणून वर जाळी घातली. वेल वाढली, फुललीही. पण माहेरचे ते सोबती तेथे कोठून येणार? मधमाश्या येत आणि पराग गोळा करून नेत. परंतु एवढ्या मोठ्या फुलात त्यांचा स्पर्श कुक्षीला पुरेसा होत नसे. त्यामुळे फळे नीट पोसत नसत.

अखेर माणसानेच ते काम हाती घेतले. मजूर रात्री किंवा पहाटे कुंचल्याने पराग टिपतात आणि प्रत्येक फुलाच्या कुक्षीवर अलगद लावतात. तांबड्या गराच्या काही जातींना स्वजातीचे पराग चालत नाहीत. त्यांना दुसऱ्या जातीचे द्यावे लागतात. दोन्ही जाती एकाच रात्री फुलतील असा नेम नसल्यामुळे पराग अतिशीत पेटीत जपून ठेवतात. सुमारे महिन्याभराने फळ पिकते.

मुलांनो, हे फळ आता आपल्याकडेही पिकते. ते कापाल तेव्हा गरातील काळ्या बिया न्याहाळून पाहा. त्यातील एकेक बी कुक्षीवर पोहोचलेल्या एकेका परागकणामुळे धरलेली असते. फूल तेच, वेल तीच. तथापि एक वटवाघूळ सहज जे करून जाते, त्यासाठी माणसाला रात्रभर जागावे लागते!

स्वाध्याय

१. नेगेवात वेल फुलूनही फळे नीट का पोसत नसत?
२. पराग जपून ठेवण्याची गरज का पडते?
३. ‘माहेरचे सोबती’ असे कोणास म्हटले आहे? का?