शस्त्रक्रियेनंतर पुन्हां टेबल टेनिस

गेल्या वर्षीं पावसाळ्यांत वसमतच्या काळ्या मातीच्या चिखलांत आमची मोटारसायकल घसरली व आम्ही उजव्या खांद्यावर आपटलों. खांद्यांतील एक कंडरा हाडापासून सुटली होती. ती शस्त्रक्रियेनें पुन्हां जोडावी लागली. मधल्या सुटींत आमच्याशीं टेबल टेनिस खेळणारे विद्यार्थी तेव्हांपासून एकच प्रश्न विचारीत आले, “सर, पुन्हां केव्हां खेळणार?” त्या प्रश्नाचें उत्तर शोधतांना आम्हांस जें शिकावें लागलें, तें येथें मांडीत आहों. तुमच्यापैकीं कोणावर असा प्रसंग आल्यास आम्हीं केलेली चूक त्यानें करूं नये, एवढाच हेतु आहे.

प्रथम खांद्याची रचना पाहूं. दंडाच्या हाडाचें वरचें टोंक चेंडूसारखें गोल असतें. परंतु ज्या खोबणीशीं तें टेकतें ती बशीसारखी उथळ असते. त्यामुळेंच हात सर्व बाजूंस फिरतो, आणि त्यामुळेंच हा सांधा निखळण्याचें भयही अधिक. मांडीचें हाड खोल वाटींत बसलेलें असतें. खांद्यास मात्र स्थैर्य मुख्यत्वें स्नायूंकडून मिळतें. पाठीवरील फऱ्याच्या हाडापासून निघालेले चार स्नायु आपल्या कंडरांनीं त्या गोल टोंकास वेढून धरतात. कंडरा म्हणजे स्नायूस हाडाशीं बांधणारा चिवट दोर. या चारांपैकीं सर्वांत वरच्या स्नायूची कंडरा हाडाच्या अरुंद छपराखालून जाते, व बहुधा तीच झिजते किंवा फाटते.

शस्त्रवैद्य सुटलेली कंडरा टांक्यांनीं हाडाशीं बांधतो. परंतु टांके म्हणजे जोड नव्हे. टांक्यांचें काम कंडरेस हाडाशीं टेकवून धरण्याचें; खरा जोड शरीर आपला आपण घडवितें, आणि कंडरेस रक्ताचा पुरवठा बेताचाच असल्यानें त्यास महिने लागतात. सामान्यतः पहिले चार ते सहा आठवडे हात झोळींत ठेवावा लागतो. त्या सुमारास फिजिओथेरपिस्ट रोग्याचा हात स्वतः धरून हलवितो. पुढें रोगी आपल्या बळानें हात उचलूं लागतो. सुमारें तीन महिन्यांनंतर बळ वाढविणारे हलके व्यायाम सुरू होतात, आणि बॅटीचे खेळ बहुधा चार ते सहा महिन्यांनंतर, पुष्कळदां त्याहूनही उशिरां. फाटणें केवढें होतें व रोग्याचें वय काय, यांवर हें मान बदलतें. अखेरचा निर्णय शस्त्रवैद्याचाच.

घोंटाळा होतो तो येथेंच. जोड पक्का होण्यापूर्वींच वेदना थांबते, आणि वेदना थांबली म्हणजे काम पुरें झालें असें मन सांगूं लागतें. आम्हांसही तिसऱ्या महिन्यांत तसेंच वाटलें. एके सायंकाळीं शाळा सुटल्यावर सभागृहांत कोणी नव्हतें. टेबलावर बॅट पडली होती. चेंडूचें वजन अवघें २.७ ग्रॅम, त्यानें काय होणार, असें मनाशीं म्हणून आम्हीं चेंडू उडविला व एक जोराचा स्मॅश मारला. खांद्यांत कळ उठली आणि बॅट हातांतून गळाली. ती रात्र झोंपेविना गेली. तपासणींत जोड शाबूत आढळला, हा देवाचाच अनुग्रह. तरी व्यायाम तीन आठवडे मागें गेला, आणि ही गोष्ट कित्येक दिवस आम्हांस विद्यार्थ्यांपुढें सांगवेना.

आमची चूक हिशेबाची होती. खांद्यावर भार चेंडूचा पडत नाहीं. तो वेगानें फिरणाऱ्या हाताचाच पडतो, आणि फटक्यानंतर तो हात आंवरण्याचें कष्टाचें काम याच स्नायूंस करावें लागतें. १९५२ सालीं मुंबईस भरलेल्या जागतिक स्पर्धेंत जपानच्या हिरोजी सातो यानें जाड स्पंजाच्या बॅटीनें विजेतेपद मिळविलें. तेव्हांपासून हा खेळ उत्तरोत्तर वेगाचा होत गेला आहे. चेंडू हलका म्हणून खेळही हलका, असें समजणें बरोबर नाहीं.

त्या दिवसांत आम्हांस सचिन तेंडुलकर यांचें उदाहरण आठवलें. मार्च २००६ मध्यें लंडन येथें त्यांच्या उजव्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली. मे महिन्यांत वेस्ट इंडीजचा दौरा होता. ठरलेली तंदुरुस्तीची चांचणी न देतां तेथील कसोटी सामने आपण खेळणार नाहीं, असें त्यांनीं कळविलें. नंतर इंग्लंडांत लॅशिंग्ज संघाकडून पांच साधे सामने ते खेळले, आणि मग १४ सप्टेंबर रोजीं क्वालालंपूर येथें वेस्ट इंडीजविरुद्ध त्यांनीं नाबाद १४१ धावा काढल्या. त्या १४१ धावा सर्वांच्या लक्षांत राहतात. आम्हांस मात्र मे महिन्यांतील तो नकार अधिक मोलाचा वाटतो. कारण सारा देश वाट पाहत असतां ‘अजून नाहीं’ म्हणणें सोपें नव्हे. त्यांच्यासारख्या खेळाडूनें आधीं लहान सामन्यांची पायरी चढावी, तर आम्हीं रिकाम्या सभागृहांत एकदम स्मॅश मारावा काय?

पुढें आम्हीं पायऱ्या आंखून घेतल्या. टेबलाची उंची ७६ सेंटिमीटर, म्हणजे या खेळांतील बहुतेक फटके खांद्याच्या खालींच मारले जातात. हात वारंवार डोक्यावर न्यावा लागत नाहीं, ही मोठी सोय. शस्त्रवैद्याच्या परवानगीनें आरंभीं रोज दहा मिनिटें बॅकहँड पुश, कारण त्यांत कोंपर व मनगट अधिक काम करतात, मग सर्व्हिस, मग दंड अंगालगत ठेवून अर्धवट फिरविलेला फोरहँड, त्यानंतर टॉपस्पिन, आणि स्मॅश सर्वांच्या शेवटीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खांदा आदल्या दिवसापेक्षां अधिक दुखला, तर एक पायरी मागें यावयाचें, असा नियम ठेवला.

हात झोळींत असतां डाव्या हातानें मुलांस चेंडू देण्याचें व पंचाचें काम आम्ही करीत होतों. बाजूस उभें राहिल्यावर एक गोष्ट दिसली. बहुतेक मुलांचे पाय जागींच खिळलेले. सारा फटका एकट्या हातानें! वस्तुतः जोर पायांतून निघून कमरेंतून खांद्याकडे यावा. संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत मंडळीस शरीराची उपमा दिली आहे. कोणताही अवयव एकटा नव्हे, हें तत्त्व आम्हांस या टेबलाशीं नव्यानें पटलें. पाय आळसावले म्हणजे त्यांचें ओझें खांदा वाहतो.

आपल्या भागांत हळद मृगाच्या आगेमागें लावतात व सुमारें आठ-नऊ महिन्यांनीं काढतात. कंद कितपत भरला हें पाहण्यासाठीं कोणी शेतकरी रोज बेणें उकरीत नाहीं. आमच्या खांद्यासही तितकाच काळ लागला. आठव्या महिन्याच्या अखेरीस नववींतील एका मुलाशीं आम्ही पहिला पुरा सामना खेळलों व सरळ हरलों. दुसऱ्या दिवशीं सकाळीं खांदा दुखला नाहीं, तेव्हां मनास जें समाधान झालें तें पूर्वीं जिंकल्यावरही झालें नव्हतें.

असो. स्पर्धा जवळ आली कीं संघांतून वगळतील या भीतीनें मुलें दुखणें लपवितात, हें आम्ही जाणतों. शिक्षक असूनही आम्हीं तेंच केलें. तुम्हीं तसें करूं नये. खांदा दुखत असेल तर बॅट खालीं ठेवा आणि आम्हांस येऊन सांगा. संघांतील तुमची जागा आम्ही राखून ठेवूं.