लंगोट उतरवला, तालीम सुटली नाही

प्रश्न : अमेरिकेत कॉलेजच्या फुटबॉल संघातला क्वार्टरबॅक पुढे त्याच कॉलेजचा कोच झाला, असं वाचलं. क्वार्टरबॅक म्हणजे कोण? आणि आपल्या बीडकडे असं कुणी आहे का? (एक वाचक, पाटोदा)

उत्तर : नाव फुटबॉल असलं तरी त्या खेळात चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. अंगावर धिप्पाड गडी धावून येत असताना तो कुणाकडे फेकायचा, हे दोन-तीन सेकंदांत ठरवतो तो क्वार्टरबॅक. स्टीव्ह स्परियर हे त्यातलं गाजलेलं नाव. फ्लोरिडा विद्यापीठाकडून खेळताना 1966 साली त्याला कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूचा हाइझमन करंडक मिळाला. 1990 मध्ये तो तिथेच कोच म्हणून परतला आणि 1996 च्या हंगामात संघाला राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिलं.

आता आपलं. पाटोद्यातून हा प्रश्न यावा, याचं हसू आलं. अहो, तुमच्याच पैलवान राहुल आवारेचे गुरू बघा, सगळे आधी मल्ल, मग वस्ताद! पहिले डाव त्याला वडिलांनी, बाळासाहेबांनी शिकवले, तेही पैलवानच. मग पोरगं पुण्याला गेलं, गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारमामांकडे. मामा 1969 चे महाराष्ट्र केसरी, पुढे रुस्तम-ए-हिंद. खेळणं संपलं तरी ते मातीतच राहिले. 2011 साली ते गेले आणि राहुलला काका पवारांनी हाताशी धरलं. तेही अर्जुन पुरस्कार मिळवलेले मल्ल. 2018 ला गोल्ड कोस्टच्या राष्ट्रकुल स्पर्धेत राहुलनं कॅनडाच्या ताकाहाशीला 15-7 असं हरवून 57 किलोचं सुवर्ण घेतलं आणि ते मामांना अर्पण केलं. पुढल्या वर्षी जागतिक स्पर्धेत 61 किलोत कांस्य. (नंतर तो काका पवारांचा जावईही झाला, कॉलेज फुटबॉलमध्ये ही सोय आहे की नाही, कल्पना नाही.)

फरक कुठे, म्हणाल तर पैशात. तिकडच्या नामांकित कोचचा पगार कोटींत. इकडे वस्तादानं पहाटे हौदाच्या कडेला उभं राहून "पट काढ, पट!" असं ओरडायचं आणि दुपारी पोरांच्या दुधा-बदामाचीही काळजी करायची. पोरगं तालमीतच झोपतं, त्यामुळे त्याचा घिस्सा डाव का फसतो आणि ते रात्री का जागतं, दोन्ही वस्तादाला ठाऊक.

तरी काका पवारांच्या वाट्याला आलेला एक दिवस स्परियरलाही हेवा वाटावा असा. जानेवारी 2020 मध्ये बालेवाडीला महाराष्ट्र केसरीची अंतिम कुस्ती लागली ती हर्षवर्धन सदगीर आणि शैलेश शेळके यांच्यात, आणि दोघेही त्यांचेच पठ्ठे. हर्षवर्धन जिंकला, आणि त्यानं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं.