गोळी एकदम तोडू नये

अफू आणि मॉर्फिन शरीरात ज्या ठिकाणी कार्य करतात त्याच ठिकाणी कार्य करणारे वेदनाशामक औषध दीर्घकाळ घेतल्यावर ते एका रात्रीत सोडून देणे हे मनोनिग्रहाचे लक्षण होय, अशी जी समजूत आपल्या घराघरांतून आणि, खेदाने म्हणावे लागते, काही दवाखान्यांतूनही प्रचलित आहे, तिचा परिणाम मी स्वतःच्या देहावर सोसला असल्यामुळे, दुसऱ्या कोणास त्या वाटेने जावे लागू नये एवढ्याच हेतूने हा मजकूर लिहीत आहे.

कमरेच्या मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर मला ट्रॅमाडोल सुरू करण्यात आले. ते त्या वेळी आवश्यक होते आणि त्याच्याच आधाराने मी उठून बसू लागलो, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. पुढे चिठ्ठीमागून चिठ्ठी मिळत गेली, वर्ष उलटले, आणि फेरतपासणीच्या वेळी नव्याने रुजू झालेल्या डॉक्टरांनी जुने कागद चाळून, "इतके दिवस ही गोळी? उद्यापासून बंद," असा हुकूम दिला, ती कशी बंद करावी, बंद केल्यावर काय होईल, याविषयी अवाक्षर नाही. औषधाच्या दुकानातही जुन्या चिठ्ठीवर काही मिळेना. २०१८ च्या एप्रिलमध्ये ट्रॅमाडोल १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याच्या कक्षेत आले असून, त्याच्या विक्रीची नोंद डॉक्टर व रुग्ण यांच्या नावांसह स्वतंत्र नोंदवहीत तीन वर्षे जपून ठेवणे दुकानदारास त्याआधीपासूनच बंधनकारक आहे. हा बंदोबस्त योग्यच आहे. परंतु ज्याचे शरीर त्या औषधावर विसंबलेले आहे त्याची तजवीज कोठे होते, हे त्या दिवशी मला कोणी सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी सायंकाळी जांभया सुरू झाल्या. झोप तर नव्हती, तरी जांभयांना खंड पडेना. मागोमाग नाकाडोळ्यांतून पाणी, पोटात कळा आणि जुलाब. वैशाखाच्या उकाड्यात अंगावर असा काटा उभा राहिला की सौभाग्यवतीने ट्रंकेतली गोधडी काढून पांघरूण घातले, आणि त्या गोधडीखाली मी घामाने निथळत होतो. रात्री पाय कोठे ठेवावेत हेच कळेना. सरळ केले तरी ओढ, मुडपले तरी ओढ, उठून ओसरीवर फेऱ्या घालाव्यात तेवढाच उतार. शिवाय बोटांना मुंग्या आणि निष्कारण धास्ती. ट्रॅमाडोल मेंदूतील सेरोटोनिनसारख्या द्रव्यांवरही परिणाम करीत असल्याने ते अकस्मात तुटले म्हणजे काही रुग्णांस अशी भीती, झिणझिण्या, क्वचित भासही होतात, हा खुलासा मला मागाहून मिळाला. त्या घटकेस मात्र आपली बुद्धी भ्रमिष्ट होत आहे असेच वाटले. शेजारच्या दवाखान्यात फ्लूचे निदान होऊन तापाच्या गोळ्या मिळाल्या.

परिचारिका असलेली माझी पुतणी भेटीस आली, तिने डोळ्यांच्या विस्फारलेल्या बाहुल्या पाहिल्या आणि विचारले, "काका, दुखण्याची गोळी कधी बंद झाली?" उत्तर ऐकताच ती म्हणाली, "मग हा फ्लू नव्हे. सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात चला, ह्याचा इलाज तेथे होतो." घरात क्षणभर सर्वांची मान खाली गेली. मानसोपचाराच्या दारात उभे राहणे म्हणजे अब्रूचा प्रश्न, ही भावना आमच्याकडेही होती. आणि माझे ठाम मत आहे की औषधाच्या अभावापेक्षा या भावनेनेच अधिक रुग्ण घरी खितपत पडतात. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रुग्णाची माहिती गुप्त राखली जाण्याचा हक्क दिलेला आहे, हे प्रत्येक कुटुंबास ठाऊक असले पाहिजे.

तेथील डॉक्टर बाईंनी प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली: नेमून दिलेले औषध नेमून दिल्याप्रमाणे घेऊनही शरीर त्यावर विसंबते, ते न मिळताच जे होते तो शरीराचा धर्म आहे, चारित्र्याचा दोष नव्हे. नंतर औषध पुन्हा सुरू करून, पन्नास मिलिग्रॅमच्या कॅप्सूलच्या हिशेबाने, केसपेपरच्या पाठीमागे त्यांनी उतरती मांडणी लिहिली. प्रत्येक घटीपुढे तारीख, खाली सही. एखादी घट जड गेली तर तेथेच मुक्काम करावयाचा, शेवटच्या घटी सर्वांत सावकाश घ्यावयाच्या. अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेनेही २०२२ च्या मार्गदर्शनात वर्षभर वा अधिक काळ अशी औषधे घेणाऱ्यांना महिन्याकाठी दहा टक्के किंवा त्याहूनही मंद घट अधिक सोसवते असे म्हटले आहे. घाई करणाऱ्या नातलगांपुढे ठेवण्यास हा आकडा उपयोगी पडतो.

डॉक्टरांकडे जाताना सर्व चिठ्ठ्या आणि रिकाम्या पट्ट्यासुद्धा न्याव्यात, आणि चिठ्ठीबाहेर काही जास्त घेतले असल्यास तोही तपशील संकोच न धरता सांगावा, कारण उतरणीचा सारा हिशेब प्रत्यक्ष मात्रेवर बसवायचा असतो. झोपेच्या वा धास्तीच्या गोळ्या, मद्य, नैराश्यावरील औषधे, पूर्वी आलेली फीट, गर्भारपण, यांपैकी काहीही असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगावे. संथपणे विरघळणाऱ्या गोळीचे तुकडे कधी करू नयेत. तसे केल्यास दिवसभराची मात्रा एकदम अंगात जाते. शेजाऱ्याने आपुलकीने देऊ केलेली उरलेली पट्टीही घेऊ नये. आणि सर्वांत गंभीर बाब ही की मात्रा उतरल्यावर शरीराची सहनशक्तीही उतरते, म्हणून मध्येच असह्य होऊन कोणी पूर्वीची मात्रा घेतली तर श्वास मंदावून प्राणावर बेतते. श्वास मंद होणे, रुग्ण न जागणे, फीट येणे, जीव नकोसा वाटणे, यांपैकी काही दिसल्यास १०८ ला दूरध्वनी करण्यात दिरंगाई नको.

कमरेचे दुखणे उरतेच, त्याचाही विचार उतरणीबरोबरच व्हावा लागतो. मोठ्या रुग्णालयांतून भूलतज्ज्ञांकडे वेदनाचिकित्सेचा विभाग असतो. मला तेथील व्यायामोपचाराने पुष्कळ आधार मिळाला. दर घटीनंतर काही दिवस कंबर अधिक ठणके व पुढे आपोआप शमे. जुना आजार उलटला असे समजून मी घाबरू नये, हे डॉक्टर बाईंनी आधीच सांगून ठेवले होते. ज्यांना अशी उतरण झेपत नाही त्यांच्यासाठी ब्युप्रेनॉर्फिनचा उपचार आहे, तो तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यावा लागतो. निवासी उपचाराची गरज भासल्यास पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे. गावी मानसोपचारतज्ज्ञ नसेल तर टेलिमानसच्या १४४१६ किंवा व्यसनमुक्तीच्या १४४४६ या निःशुल्क क्रमांकावर विचारणा करता येते.

पहिल्या भेटीतच डॉक्टरांना विचारावे: घट किती आणि किती दिवसांनी, त्रास वाढल्यास मधल्या रात्री कोणाशी बोलायचे, आणि पुढची चिठ्ठी संपण्यापूर्वी भेट कोणत्या तारखेस. ही उत्तरे लेखी मिळाली नाहीत तर दुसरा डॉक्टर गाठावा, आणि तो मिळेपर्यंत चालू असलेली मात्रा स्वतःच्या मनाने तोडू नये.