गिऱ्हाईकाची वही हेच खरे भांडवल

कापडाच्या धंद्यात माल सगळ्यांकडे जवळपास सारखाच असतो. फरक पडतो तो गिऱ्हाईक ओळखणाऱ्या माणसामुळे. ही पारख घरी बसून विकता येते काय? अमेरिकेत २०११ साली सुरू झालेल्या ‘स्टिच फिक्स’ या कंपनीने हाच धंदा उभा केला. त्याची रीत व्यापारी व कारागीर बंधूंच्या माहितीसाठी आम्ही येथे देत आहोत.

गिऱ्हाईक इंटरनेटवरून आपले माप, आवडनिवड व ऐपत कळवते. संगणक गोदामातल्या मालातून जुळणारे कपडे पुढे काढतो. शेवटची निवड मात्र माणूस करतो. त्याला ‘स्टायलिस्ट’ म्हणतात. तो तासाच्या पगारावर आपल्या घरूनच काम करतो. मूळ पद्धतीत तो पाच नग निवडून सोबत चिठ्ठी लिहितो. गिऱ्हाईकाने पसंत पडेल ते ठेवावे, बाकी परत पाठवावे. निवडीची फी २० डॉलर. काही ठेवल्यास ती बिलातून वजा होते. मूळ पद्धतीत पाचही नग ठेवल्यास २५ टक्के सूट मिळे.

यातील खरी कमाई परत येणाऱ्या मालात आहे. आपल्याकडे माल परत आला की कपाळाला आठ्या पडतात. तेथे प्रत्येक नगाचे कारण विचारले जाते: बाही लांब, रंग भडक, की दर जास्त? ते लिहून ठेवतात आणि पुढची निवड त्यावरून करतात.

आता दुसरी बाजू. जून २०२० मध्ये या कंपनीने कॅलिफोर्नियातील सुमारे १४०० स्टायलिस्टना कमी करण्याचे व स्वस्त शहरांत नवी भरती करण्याचे जाहीर केले. घरून होणारे काम जेथे मजुरी कमी तेथे सहज सरकते. शिवाय वर्षानुवर्षांची गिऱ्हाइके आणि त्यांची सारी नोंद कंपनीकडेच राहते. स्टायलिस्ट रिकाम्या हाताने बाहेर पडतो.

म्हणून आमचे सांगणे एवढेच. शिंपीकाम करणाऱ्याने मापाच्या वहीत एक रकाना वाढवावा: काय आवडले नाही व का. दुकानदाराने परत आलेल्या प्रत्येक नगामागे कारण टिपावे. घरून कपडे विकणाऱ्या भगिनींनी दुसऱ्याचा माल विकला तरी गिऱ्हाईकाची वही आपल्याच घरात ठेवावी. मालक बदलतो, बाजार बदलतो. ही वही हाताशी असली तर दुकान पुन्हा मांडता येते.