भ्रूणरोपणाची वेळ

बी कितीही उत्तम असले, तरी जमिनीला वाफसा आल्यावाचून पेरणी साधत नाही. मानवी गर्भधारणेतही असाच मेळ जमावा लागतो.

बीजकोशातून सुटलेल्या बीजांडाचा बीजवाहिनीत शुक्रजंतूशी संयोग होतो. फलित बीजांडाचे विभाजन होऊन तिसऱ्या दिवशी साधारणतः आठ पेशींचा भ्रूण बनतो. पाचव्या दिवसाच्या सुमारास त्यास पोकळ गोलकाचे रूप येते. यास ‘ब्लास्टोसिस्ट’ असे म्हणतात. त्याच काळात प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर भ्रूणाच्या स्वीकारास सिद्ध होते. ही सिद्धता बीजांड सुटल्यानंतर सुमारे सहाव्या दिवसापासून थोडेच दिवस टिकते.

शरीराबाहेर फलन घडविताना हा मेळ बिघडू शकतो. अनेक बीजांडे एकाच वेळी पक्व व्हावीत म्हणून औषधे देतात. त्यामुळे संप्रेरकांचे प्रमाण वाढून अस्तराची तयारी भ्रूणाच्या पुढे जाण्याचा संभव असतो.

ही अडचण कोलकात्याचे डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांनी फार लवकर ओळखली. त्यांनी आठ पेशींचा भ्रूण ५३ दिवस गोठवून ठेवला आणि मग औषधांचा परिणाम नसलेल्या नैसर्गिक ऋतुचक्रात त्याचे रोपण केले. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी कन्या जन्मली. अशा रीतीचे जगातील पहिले बालक इंग्लंडमध्ये त्याच वर्षी २५ जुलैला जन्मले होते. परंतु तेथे भ्रूण गोठविलेला नव्हता. राज्य शासनाने नेमलेल्या समितीने मुखोपाध्यायांचा दावा अमान्य केला. १९८१ मध्ये, मान्यता न मिळताच, त्यांचा अंत झाला.

पुढे मुंबईत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि प्रजनन-संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी एक बालिका जन्मली. भारतातील पहिले यश म्हणून तिची नोंद झाली. तथापि मुखोपाध्यायांची टिपणे अभ्यासल्यावर आनंद कुमारांनीच १९९७ मध्ये लेख लिहून तो मान त्यांचा असल्याचे प्रतिपादन केले.

आज भ्रूणरोपण बहुधा तिसऱ्या वा पाचव्या दिवशी करतात. आवश्यक वाटल्यास भ्रूण गोठवून पुढील एखाद्या ऋतुचक्राची वाट पाहतात. गोठविलेला ब्लास्टोसिस्ट रोपण्यासाठी अस्तर औषधांनी तयार करावयाचे असल्यास, प्रोजेस्टेरॉन सुरू केल्यापासूनचे दिवस काटेकोरपणे मोजले जातात. भ्रूणाचे वय आणि अस्तराची तयारी यांची सांगड घालणे, हेच या सर्व गणिताचे प्रयोजन होय.